सेन्सर नवा, दिवा तोच

वाचकाचं पत्र

माझ्याकडे २०१४ सालची १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. ९६ हजार किलोमीटर चाललीय. श्रावणात मी महिनाभर पुण्याला मुलीकडे होते, गाडी घराशेजारच्या शेडमध्ये उभी होती. परत आल्यावर पहिल्यांदाच ओंकारेश्वरला निघाले आणि सिमरोलच्या पुढे इंजिनाचा पिवळा दिवा लागला. येताना भेरूघाट चढवताना गाडीला दम लागत होता, दुसऱ्या गिअरवर यावं लागलं. अ‍ॅव्हरेज सतरावरून चौदावर आलंय. शहरात मात्र गाडी बरी चालते. मिस्त्रीने स्कॅनर लावून पी ०३२७ कोड दाखवला, नॉक सेन्सर गेला म्हणाला. नवा बसवला, २२०० रुपये झाले. पुढच्या महिन्यात ओंकारेश्वरला जाईपर्यंत दिवा बंद होता. घाटाच्या अलीकडे पुन्हा लागला. नीट बसवलाय ना, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, स्प्रिंग वायसर टाकून पक्का आवळलाय, हलणार नाही." आता म्हणतो गाडीचा कॉम्प्यूटर गेलाय, सेकंडहँड घेतला तरी १४ हजार. तोपर्यंत ९५ ऑक्टेनचं पेट्रोल घाला म्हणतो. जुना सेन्सर पिशवीत घालून परत दिलाय, तो माझ्याकडे आहे. कॉम्प्यूटर बदलू का?

— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर

नाही. निदान आत्ता तरी नाही. आणि तो जुना सेन्सर टाकून देऊ नका, बहुधा तो चांगला आहे.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी अशा आहेत की निम्मं निदान तिथेच होतं. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी होती. दिवा शहरात लागत नाही, हमरस्त्यावर लागतो. आणि सेन्सरखाली स्प्रिंग वायसर आहे. पहिली गोष्ट मूळ बिघाडाकडे बोट दाखवते, तिसरी नंतर केलेल्या चुकीकडे. दुसरी सांगते की मधले तीन-चार आठवडे दिवा बंद होता तो दुरुस्तीमुळे नव्हे. कोड पुसल्यामुळे होता.

ते कसं, हे कळायला हा सेन्सर करतो काय ते बघू. स्पार्क पडल्यावर सिलिंडरमधलं मिश्रण प्लगपासून सुरू होऊन कडेपर्यंत शिस्तीत जळत जायला हवं. दाब आणि उष्णता जास्त झाली की कडेचं मिश्रण ज्वाला पोचायच्या आधीच आपोआप पेटतं, आणि त्या धक्क्याने सिलिंडरमधला वायू घंटेसारखा वाजायला लागतो. हेच नॉकिंग. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा टिणटिण आवाज येतो. ७० ते ७५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्याची कंपनं ८ किलोहर्ट्झच्या आसपास असतात. नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टने आवळलेला एक कान. आत पिझो-सिरॅमिकची चकती आणि तिच्यावर एक छोटं वजन. ब्लॉक थरथरला की वजन चकतीला दाबतं, चकती काही मिलिव्होल्टचा विद्युतदाब देते. कॉम्प्यूटर त्यातून नॉकिंगची कंपनं वेगळी काढतो आणि त्या सिलिंडरचं टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, दोन-तीन अंश मागे घेतो. मग पुन्हा नॉकिंग होईपर्यंत हळूहळू पुढे सरकवत राहतो. पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही या पुढे सरकवण्यावर आहेत.

आता मुद्दा असा की नॉकिंग होत नसतानाही इंजिन शांत नसतं. व्हॉल्व्ह आपटतात, पिस्टन घासतो. वेग वाढला की हा गोंगाटही वाढला पाहिजे, हे कॉम्प्यूटरला माहीत असतं. इंजिन गरम आहे, मिनिटाचे फेरे अडीच हजारांच्या वर आहेत, आणि तरी सेन्सरकडून जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, म्हणजे कान बंद आहे, असं तो ठरवतो आणि पी ०३२७ लिहितो: सिग्नल फार कमी. रामबाग ते राजवाडा या रहदारीत ही तपासणी पूर्णच होत नाही. सिमरोलच्या रस्त्याला लागलात की होते. सेन्सर बदलताना मिस्त्रीने कोड पुसला, मग तुम्ही शहरातच फिरलात, म्हणून दिवा लागला नाही.

कान बंद झाला की कॉम्प्यूटर धोका पत्करत नाही. टायमिंग कायमचं मागे घेऊन सुरक्षित आकड्यावर ठेवतो. चढावर लागणारा दम आणि तीन किलोमीटरने घटलेलं अ‍ॅव्हरेज त्यातूनच आलंय. इंजिन खराब झालेलं नाही.

कोडच्या आकड्याकडेही नीट बघावं लागतं. पी ०३२५ म्हणजे सर्किटमध्ये बिघाड, ०३२६ म्हणजे सिग्नल अपेक्षेशी जुळत नाही, ०३२७ म्हणजे कमी, ०३२८ म्हणजे जास्त, ०३२९ म्हणजे कधी येतो कधी जातो. यांतला एकही कोड "सेन्सर बदला" असं म्हणत नाही. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा बोल्ट, वायर जोडायचा कपलर, वायर, वायरीवरची जाळी आणि कॉम्प्यूटरची पिन, सगळं मिळून. यात सेन्सर हा सर्वांत टिकाऊ भाग. त्यात हलणारं, झिजणारं काही नसतं.

हात लावण्याआधी

बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा मोह टाळा. कोड पडला त्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, कॉम्प्यूटरमध्ये असते: फेरे किती, पाण्याचं तापमान किती, इंजिनावर भार किती. बॅटरी काढली की ती पुसली जाते. हजार रुपयांच्या आत मिळणारा, गाडीचे कोड वाचणारा ब्लूटूथ ओबीडी अ‍ॅडॉप्टर आणि फोनवरचं अ‍ॅप एवढ्यावर ती वाचता येते. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. फेरे अडीच-तीन हजार आणि तापमान ८० अंशांच्या वर दिसलं, तर वर सांगितलेलं जुळलं. त्याऐवजी किल्ली फिरवताच, इंजिन थंड असतानाच कोड पडत असेल, तर वायर तुटलीय किंवा कुठेतरी अर्थला टेकलीय. काही कॉम्प्यूटर या वायरीवर थोडा व्होल्टेज ठेवून तेवढं उभ्या गाडीतही ओळखतात.

आधी वायर, मग सेन्सर

रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात हा सेन्सर साधारणपणे ब्लॉकवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली बसतो. मधोमध भोक असलेली सुपारीएवढी काळी चकती आणि त्यातून गेलेला एक बोल्ट. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात घाला. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नको, स्टँड लावा.

सुरुवात वायरीपासून करा, कारण महिनाभर उभ्या गाडीच्या बोनेटखाली पावसाळ्यात कोण राहायला येतं हे इंदुरात कुणाला सांगायला नको. उंदीर वरचा हार्नेस (वायरींचा जुडगा) सोडून बरोबर मॅनिफोल्डखालची, कोरडी आणि न दिसणारी जागा शोधतो. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सेन्सरपासून निघालेली वायर दिसेल तिथवर तपासा. लेंड्या, कागदाचे तुकडे, कुरतडलेली नळी दिसली तर तिथेच थांबून एकेक इंच बघा.

मग कपलर. लॉक दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका. आत हिरवट थर म्हणजे ओल, काळं चिकट म्हणजे वरून झिरपलेलं ऑइल. पिना पसरल्या असतील तर पकड सैल होते. एरवी दिव्याला किंवा हॉर्नला अशी सैल पकड चालून जाते, पण इथे सगळा कारभार मिलिव्होल्टचा आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या. कपलरचं रबर सील जागेवर आहे का तेही बघा. सेन्सर बदलताना ते बरेचदा जुन्या सेन्सरबरोबर निघून येतं. तुमच्या पिशवीत ते असण्याची शक्यता आहे.

आता वायर मोजायची. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा (फ्रीझ फ्रेमचा फोटो काढलाय ना?), दहा मिनिटं थांबा, मग कॉम्प्यूटरचा कपलर सोडवा. कॉम्प्यूटर जोडलेला ठेवून त्याच्या वायरीवर ओहम मोजू नयेत. आकडा चुकीचा येतो आणि मीटरचा करंट आतल्या सर्किटमध्ये जातो. सेन्सरच्या कपलरपासून कॉम्प्यूटरच्या पिनेपर्यंत दोन्ही वायरींचा रोध एक-दोन ओहमच्या आत हवा. दोन्ही वायरींमध्ये आपापसांत आणि प्रत्येक वायर ते इंजिनाचा ब्लॉक यांत मीटरने "उघडं सर्किट" दाखवावं, म्हणजे संपर्क अजिबात नको. पिना कुठल्या ते तुमच्या मॉडेलच्या वायरिंग डायग्रामवरूनच ठरवा, अंदाजाने नको. आणि मीटर लावलेला असताना दुसऱ्या माणसाने हार्नेस इंचाइंचाने हलवावा. अर्धवट तुटलेली वायर स्थिर असताना उत्तम दिसते, हलवली की आकडा उडतो. इथे घाई करणारे पुढे चौदा हजारांवर जातात.

वायर तुटलेली सापडली तर जोड कसा द्यायचा यालाही रीत आहे. या वायरीभोवती बहुतेक गाड्यांत बारीक तारांची जाळी असते, आणि ती एकाच टोकाला, कॉम्प्यूटरकडे, अर्थ केलेली असते. शेजारून इग्निशन कॉइलच्या आणि अल्टरनेटरच्या वायरी जातात. त्यांचा गोंगाट आत शिरू नये म्हणून ती जाळी. साधी वायर पिळून वर काळी टेप गुंडाळली तर दिवा कदाचित जाईल, पण कॉइलचा आवाज सेन्सरच्या वायरीत शिरेल आणि कॉम्प्यूटर न झालेल्या नॉकिंगसाठी टायमिंग मागे घेत बसेल. दोन्ही आतल्या वायरींचे जोड एकमेकांपासून इंचभर पुढे-मागे ठेवा, सोल्डरचा डाग द्या, प्रत्येकावर वेगळी हीट-श्रिंक नळी बसवा, मग जाळी जाळीला जोडा आणि सगळ्यावर एक मोठी नळी. जाळी मधेच ब्लॉकला अर्थ करू नका. वायर पूर्वी जिथून गेली होती तिथूनच न्या, जवळचा रस्ता शोधू नका.

सेन्सर खरंच गेला का

दोन्ही सेन्सर टेबलावर ठेवून तपासता येतात, जुना आणि नवा. मीटर ओहमवर ठेवून दोन पिनांमध्ये मोजा. याच्या दोन जाती आहेत. काहींच्या आत समांतर रेझिस्टर असतो आणि मीटर लाख-दोन लाख ओहमपासून पाच मेगाओहमच्या आसपास काहीतरी आकडा दाखवतं. काहींत रेझिस्टर नसतो आणि मीटर "उघडं सर्किट" असं दाखवतं. ते बघून सेन्सर मेला असं ठरवू नका. त्या जातीत तसंच यायला हवं. तुमचा कुठल्या जातीचा ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. दोन सेन्सरांचे आकडे अगदी वेगळ्या कोटीतले आले तर बाजारातला सेन्सर वेगळ्याच जातीचा बसलाय असं समजा. दिसायला ते सख्ख्या भावासारखे असतात. काही ओहमच आले तर मात्र आत शॉर्ट आहे, तो सेन्सर संपला. दोन पिनांपैकी एखादी आणि सेन्सरचा धातूचा गाभा यांतही संपर्क नसावा. जुन्या एका वायरीच्या सेन्सरांत गाभाच अर्थ असतो, ती गोष्ट वेगळी.

मोजताना मीटरच्या दोन्ही टोकांना बोटं लावू नका. मेगाओहमच्या मापात माणसाचं शरीरही रेझिस्टर आहे. बोटं लागली की मीटर तुमचाच रोध दाखवतं. यामुळे कितीतरी चांगले सेन्सर भंगारात जातात.

रोध बरोबर आला म्हणून सेन्सर चांगला, असंही नाही. चकती तडकलेली असली तरी रेझिस्टर आपला आकडा देत राहतो. म्हणून ठोकून बघायचं. सेन्सर एखाद्या जड लोखंडाला, उदाहरणार्थ बाकावरच्या शिकंज्याला, बोल्टने आवळा. मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा आणि लोखंडावर पान्याने हलकेच टकटक करा. सेन्सरवर ठोकायचं नाही. आतली चकती चिनी मातीच्या कपासारखीच फुटते. दर टकटकीला आकडा उडाला पाहिजे. किती उडाला याला फारसा अर्थ नाही, कारण साधं मीटर इतक्या वेगवान कंपनांसाठी बनलेलं नसतं. दोन्ही सेन्सर एकाच लोखंडावर, एकाच जोराने तपासून तुलना करा. ऑसिलोस्कोप असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन भेटला तर उत्तम, पडद्यावर घंटेसारखी विरत जाणारी लाट स्वच्छ दिसते. जुना सेन्सर नव्याइतकाच किंवा जास्त बोलत असेल तर जुनाच पुन्हा बसवा. कंपनीचा मूळ भाग बाजारातल्या नकलेपेक्षा भरवशाचा, इतकी वर्षं चालला असला तरी.

मात्र तो कधी फरशीवर पडला असेल तर वापरू नका. नवाही पडला तर वापरू नका.

वायसर

मिस्त्रीने मनापासून केलेली ही चूक आहे. त्याच्या हिशेबात बोल्ट ढिला होणं हा शत्रू, आणि नव्वद टक्के ठिकाणी तो बरोबरही आहे. इथे मात्र सेन्सरला ब्लॉकची थरथर जशीच्या तशी पोचली पाहिजे. सेन्सरचा धातूचा तळ आणि ब्लॉकचं घासलेलं तोंड यांत काहीही नको: वायसर नको, गॅस्केट नको, रंग नको, सिलिकॉन नको, गंजाचा पापुद्राही नको. स्प्रिंग वायसर तर बनलेलाच असतो स्प्रिंगसारखा दबायला. तो बोल्टच्या डोक्याखाली असला तरी आवळण्याचा दाब चकतीवर सारखा येत नाही, आणि सेन्सरखाली असला तर कानात बोळाच घातला म्हणायचं. नवाकोरा सेन्सर त्यामुळे "सिग्नल कमी" असा कोड देतो.

"पक्का आवळलाय" हा दुसरा भाग. या सेन्सरचा बोल्ट बहुतेक एम-८ असतो, जपानी घराण्यातल्या गाड्यांत १२ ची गोटी (सॉकेट) लागते आणि युरोपीय घराण्यात १३ ची. आवळण्याचं माप साधारण २० न्यूटन-मीटर. १५ ते २५ च्या बाहेर जायचं नाही, आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा. हा बोल्ट म्हणजे सेन्सरच्या मोजमापाचाच एक भाग आहे. कमी आवळला तर सिग्नल हरवतो. जास्त आवळला तर चकतीवर आधीच इतका दाब येतो की ती वेगळीच बोलायला लागते किंवा तडकते. २० न्यूटन-मीटर म्हणजे हातभर लांब पान्याने लावलेला जोर नव्हे. वीत-सव्वावीत पान्याला मध्यम जोर, एवढंच. अंदाजाने सांगितलं ते कळण्यापुरतं, करताना टॉर्क रेंचच हवा, आणि तोही लहान, ५ ते २५ न्यूटन-मीटरच्या मापाचा. चाकाच्या नटांचा ४० पासून सुरू होणारा रेंच इथे कामाचा नाही. मिस्त्रीकडे नसेल तर छोटी ग्वालटोलीच्या दुकानांत चौकशी करा, किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून एवढं एक काम करून घ्या.

बसवताना ब्लॉकचं तोंड कापडाने आणि ब्रेक क्लीनरने पुसा. गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने, खड्डा पडणार नाही इतकं. भोकातले आटे साफ आणि कोरडे हवेत. आत जुनं ऑइल साचलं असेल तर बोल्ट तळाशी अडतो, रेंच "टक" करतो आणि सेन्सर मात्र सैलच राहतो. मूळ बोल्टऐवजी डब्यातला थोडा लांब बोल्ट घातला तरी हेच होतं. म्हणून बोल्ट मूळचाच वापरा. वायसर काढल्यावर तर हे आवर्जून बघा, कारण वायसरची जाडी सामावून घ्यायला मिस्त्रीने बोल्टही बदललेला असू शकतो. सेन्सरचं कपलरचं तोंड मूळच्या दिशेलाच ठेवा, वायर ताणलेली नको, मॅनिफोल्डला किंवा गरम नळीला टेकलेली नको. आवळताना सेन्सर बोल्टबरोबर फिरायला बघतो. एका हाताने धरून ठेवा.

काही मोठ्या जुन्या इंजिनांत हे भोक पाण्याच्या जागेत उघडतं आणि सेन्सर काढताच कूलंट वाहतं. तुमच्या इंजिनात तसं नाही, पण दुसऱ्या कुणी हे वाचून पाना उचलला तर आधी तेवढं बघून घ्यावं.

पेट्रोल आणि कॉम्प्यूटर

पेट्रोलचा सल्ला सोडून द्या. ऑक्टेन वाढवल्याने नॉकिंग कमी होतं, सर्किटमधला बिघाड नव्हे. तुमचा कोड कान बंद असल्याचा आहे, आवाज मोठा असल्याचा नाही. शिवाय आता सगळीकडे मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचाच ऑक्टेन ९५ आहे. इथेनॉल स्वतः नॉकिंगला चांगलं आवरतं. जुन्या गाडीत इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटतं आणि जुन्या रबरी नळ्यांकडे लक्ष ठेवावं लागतं, तो वेगळा विषय. नॉक सेन्सरच्या कोडचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

तुम्ही टिणटिण आवाजाचा उल्लेख केलेला नाही. तो येत असता तर शोध दुसरीकडे घ्यावा लागला असता: इंजिन जास्त तापणं, थर्मोस्टॅट किंवा पंखा बंद पडणं, इनटेकच्या फुटलेल्या नळीतून जादा हवा शिरून मिश्रण पातळ होणं, कमकुवत फ्युएल पंप, पिस्टनवर साचलेला कार्बन, चुकीच्या उष्णतामानाचे प्लग. आणि एसीच्या कंप्रेसरचा ढिला ब्रॅकेट किंवा खडखडणारा पत्रा कधी कधी सेन्सरला फसवतो, तेव्हा तो इमानाने नसलेलं नॉकिंग कळवत राहतो.

कॉम्प्यूटरचं म्हणाल तर तो जातो, पण एकट्या नॉकच्या सर्किटपुरता क्वचितच. वायर पिनेपर्यंत ठीक, सेन्सर ठोकल्यावर बोलतो, बोल्ट मापात, वायसर काढलेला, आणि तरी कोड येतो, अशा वेळी त्याच्यावर संशय घ्यायचा. तेव्हाही आधी त्याच्या कपलरमध्ये पाणी किंवा वाकलेली पिन आहे का हे बघायचं. सेन्सरचा कपलर सोडवून, किल्ली ऑन करून वायरीकडून किती व्होल्ट येतात हे मोजून बघतात, पण ते मॉडेलवर अवलंबून आहे: काहींत ५ व्होल्ट, काहींत त्याच्या निम्मे, काहींत काहीच नाही. मॅन्युअलमधल्या आकड्याशिवाय त्या मोजणीवरून निकाल देणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि सेकंडहँड कॉम्प्यूटर नुसता लावून बहुतेक गाड्या सुरूच होत नाहीत. चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरची ओळख त्यात बांधलेली असते. प्रोग्रामिंगचा खर्च त्या १४ हजारांत धरलाय का, एवढं विचारून तरी बघा.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही. पिवळा दिवा स्थिर असला तर काम होईपर्यंत शहरात फिरवा. भरलेली गाडी घेऊन घाट मात्र टाळा. टायमिंग मागे असलं की पेट्रोल उशिरा जळतं आणि उरलेली उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. महिनोन्‌महिने तसं चालवणं धूर शुद्ध करणाऱ्या कन्व्हर्टरला मानवत नाही. दिवा उघडझाप करायला लागला तर तो मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही. गाडी बाजूला घ्या.

काम झालं हे कसं ठरवायचं

दिवा गेला यावरून नाही. तो तर मागच्या वेळीही गेला होता. कोड पुसा, इंजिन ८० अंशांच्या वर येऊ द्या, मग बायपासला जाऊन तिसऱ्या गिअरमध्ये फेरे अडीच ते साडेतीन हजारांच्या मध्ये ठेवून दहा मिनिटं सलग चालवा. शेजारी बसलेल्याने अ‍ॅपवर इग्निशन टायमिंगचा आकडा बघावा. कान उघडला असेल तर तो पायाच्या दाबाप्रमाणे सतत वर-खाली होतो आणि पूर्वीपेक्षा काही अंश पुढे दिसतो. तुलनेसाठी दुरुस्तीआधीच, त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये हा आकडा एकदा टिपून ठेवलात तर वाद राहणार नाही.

परत आल्यावर अ‍ॅपमध्ये "पेंडिंग" कोड बघा. अनेक बिघाडांना दिवा लावायला कॉम्प्यूटर दोन फेऱ्या घेतो. पहिल्या फेरीत तो कोड गुपचूप पेंडिंगमध्ये लिहून ठेवतो. ती यादी रिकामी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच एक फेरी करा, आणि मग चोरलपर्यंत उतरून भेरूघाट चढून या, तिसऱ्या गिअरमध्ये. मिस्त्रीचे बाकीचे पैसे त्यानंतर द्या.